डीनला घरी बसवून सलाईन येतं का?

गोदाकाठ: परवा इथं एकानं लिहिलं, ‘दोन डीन आणि एक सिव्हिल सर्जन घरी बसवा, मराठवाड्यातले सरकारी दवाखाने महिन्यात सरळ होतील.’ दोन दिवस ते डोक्यातून जाईना. मी २२ वर्षं औषध भांडारात काढली. ऑक्टोबर २०२३ आठवा. नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. तेव्हाच्या हिंगोलीच्या खासदारांनी येऊन प्रभारी अधिष्ठात्यांना, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या प्रमुख डीनना, संडास साफ करायला लावला. अरे, त्या माणसाला स्वतःच्या सहीनं एक कायम सफाई कामगार नेमता येतो का? पदभरती वरून, छत गळलं तर बांधकाम खातं, औषध खरेदी २०१७ पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडं होती. आम्ही वेळेत मागणी पाठवायचो, पैसेही वर्ग व्हायचे, आणि महिनोन्महिने रॅक रिकामे. २०२३ मध्ये खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण केलं, म्हणजे चूक सरकारलाही कळली होती. जबाबदारी डीनची, अधिकार मुंबईत.

सेलूकर: काका, सगळं मुंबईवर ढकलू नका. सासूबाई ११ दिवस ॲडमिट होत्या. हातमोजे, गॉज, सुई, सगळं चिठ्ठीवर बाहेरून. त्याचं सोडा. पण स्ट्रेचर ढकलायला मामा (वॉर्डबॉय) नाही, मी आणि मेव्हण्यानं उचलून नेलं, आणि चार मामा कॅन्टीनवर बसलेले. अकरा दिवसांत डीनसाहेब एकदाही वॉर्डात नाहीत. राउंड घ्यायला कुठला जीआर लागतो?

वॉर्ड_नंबर_सात: मी सिस्टर आहे. रात्रपाळीला ६० पेशंट आणि आम्ही दोघी. खाटा संपल्या की खाली गादी. तालुक्याहून, खाजगीतून, शेवटच्या घटकेला आलेलं पेशंट आम्ही परत पाठवत नाही. मेलं की शिव्या आम्हालाच.

आष्टीचा_माणूस: खाजगीचा विषय निघालाच तर बोला ना! खाजगी प्रॅक्टिस करू नये म्हणून मिळणारा व्यवसायरोध भत्ता घ्यायचा आणि संध्याकाळी स्वतःच्या हॉस्पिटलात बसायचं. सकाळी ओपीडीत ‘इथं मशीन बंद आहे’, संध्याकाळी तेच डॉक्टर, तेच ऑपरेशन, ४० हजार. माझ्या भावाचं असंच झालं, जमीन गहाण पडली.

कंत्राटी_डॉक्टर: सगळ्यांना एका काठीनं हाकू नका. मी प्रॅक्टिस करत नाही. दर वेळी नेमणूक संपते, पुन्हा ऑर्डरची वाट. पगार तीन-तीन महिने थकतो.

आष्टीचा_माणूस: मग कोण करतं ते तुम्हाला माहीत आहे. नाव सांगा! का गप्प बसता?

कंत्राटी_डॉक्टर: माझी पुढची ऑर्डर त्यांच्याच शिफारशीवर आहे. आता कळलं? तुमच्या भावाचं वाईटच झालं.

गोदाकाठ: आणि मशीन खरंच बंद असते, आष्टीकर. देखभालीचा करार संपला की नव्या मंजुरीची फाईल फिरते. कोणी त्याचा धंदा करत असेल तर निलंबित कराच, मी आड येणार नाही. आणि सेलूकर, कॅन्टीनवरच्या मामांचं तुमचं बरोबर आहे. आमच्याकडं एक डीन सकाळी आठला अपघात विभागात उभे राहायचे. ते होते तोवर स्ट्रेचर जागेवर असायचं. बदली झाली, दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा तेच.

सेलूकर: हेच तर म्हणतोय मी सकाळपासून! राउंडचं मी सोडणार नाही. पण खरेदीचं तुमचं ऐकून घेतलं. औषधाचे पैसे आणि अधिकार डीनच्या हातात द्या, मग जाब विचारायला मीच पहिला येतो. सासूबाईंच्या चिठ्ठ्या घरी आहेत, १८.