चॅप्टर ७ दिवाळखोरीनंतरही क्रेडिट कार्ड मिळतं
'दिवाळखोरी जाहीर केली की अमेरिकेत दहा वर्षं कुणी दारात उभं करत नाही' असं म्हटलं जातं, ते पूर्ण खरं नाही. चॅप्टर ७ ची (विकण्याजोगी मालमत्ता विकून उरलेली बहुतेक कर्जं माफ होतात ती दिवाळखोरी) नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींत, अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं राहू शकते, चॅप्टर १३ ची (ठरवून दिलेल्या हप्त्यांत कर्ज फेडायचं ती) साधारण ७. पण तिचा भार हळूहळू कमी होतो. माझ्या मावसभावाने दिवाळखोरीनंतर न्यू जर्सीत ३०० डॉलर अनामत ठेवून कार्ड घेतलं. त्यावर फक्त पेट्रोल भरायचा, बिल तारखेआधी चुकतं करायचा. दीड वर्षात अनामतीशिवायचं साधं कार्ड मिळालं.

एक मात्र कराच, तिन्ही क्रेडिट ब्यूरोंचे (हे रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांचे) रिपोर्ट ओळन् ओळ वाचा. त्याचं माफ झालेलं एक कर्ज थकीतच दिसत होतं, तिथे बाकी शून्य हवी. कोर्टाचा डिस्चार्जचा (कर्जमाफीचा) कागद जोडून तक्रार केली, महिन्याभरात दुरुस्त झालं.