सेकंडहॅन्ड बाईक घरी आणली, पुढे काय काय केलंत? (अनुभव धागा)

अर्धीकिक:
गेल्या दिवाळीनंतर २०१४ ची स्प्लेंडर घेतली, मी तिसरा मालक. विकणारे काका म्हणाले काही म्हणजे काही काम नाही, पेट्रोल टाका आणि पळवा. मी पण येडा, पळवली. पहिला खर्च काय केला तर सीट कव्हर, टाकीला स्टिकर आणि पांढराशुभ्र एलईडी. दोन आठवड्यांनी पाचगणीहून वाईला पसरणी घाट उतरतोय, मागे बायको, आणि मागचा ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गाडी आपली निवांत चाललीये. पुढचा ब्रेक आणि दुसरा गियर असं करत कशीबशी खाली आणली, बायको घरी पोचेपर्यंत बोलली नाही.

वाईत गॅरेजवाल्याने चाक काढलं तर लायनर (ब्रेक दाबल्यावर चाकाला आतून घासणारे पट्टे) कागदाएवढे उरलेले. त्याने दाखवलं की ब्रेकच्या प्लेटवर एक बारीक बाण असतो, ब्रेक दाबून धरल्यावर तो समोरच्या खुणेला भिडला की लायनर संपले. दहा वर्षं गाडी चालवतोय, हा बाण कधी बघितलाच नव्हता.

मग सगळंच शून्यापासून केलं. ऑइल काढलं तर डांबर, १०डब्ल्यू-३० ग्रेडचं नवीन भरलं. मागच्या चक्रावर चेन धरून मागे ओढली तर दात उघडे दिसत होते, म्हणजे चेन-चक्र पूर्ण सेट बदलायला झालेला (नुसती चेन बदलू नका, झिजलेलं चक्र नवी चेन खातं). हॅन्डल मधोमध अडकल्यासारखं व्हायचं, कोनसेट (हॅन्डल वळवणाऱ्या दांड्याचं बेअरिंग) गेला होता. क्लच आणि ॲक्सिलेटर केबल, एअर फिल्टर, प्लग. सगळं मिळून चार हजाराच्या आत बसलं. एलईडी आणि स्टिकरचेच दीड हजार झाले होते, हे बायकोला सांगितलेलं नाही.

तर ज्यांनी वापरलेली बाईक घेतलीय त्यांनी लिहा, पहिल्या महिन्यात काय केलं, काय राहून गेलं, पैसे कुठे बुडाले. कुठली गाडी भारी यावर भांडण नको, त्याला चहाची टपरी आहे.

टूस्ट्रोकवाला:
कोल्हापूर. आरएक्स १००, ९५ चं मॉडेल, म्हणजे कंपनीने बंद करायच्या आदल्या वर्षीचं. आवाज ऐकला आणि पैसे काढून दिले, दुसरं काय बघितलंच नाही भावा. या गाडीत टूटी ऑइलची (पेट्रोलबरोबर इंजिनात जळणारं, धूर त्याचाच) टाकी वेगळी असते आणि पंप आपोआप इंजिनला ऑइल देतो. मी टाकी गच्च भरली, पेट्रोल साधं टाकलं आणि पन्हाळ्याला निघालो. सायलेन्सरमधनं धूर अजिबात नाही, मी खूश, म्हटलं काय इंजिन आहे! वाघबीळच्या चढाला इंजिन कड्डकन जाम, मागचं चाक घसटत गेलं, नशीब क्लच वेळेत दाबला. आधीच्या मालकाने पंप काढून टाकला होता आणि तो पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालवायचा. टाकी फक्त शोभेला. तो सांगायला विसरला आणि मी विचारायला. बोअर, पिस्टन, रिंग, सगळं नवीन. जुनी टूस्ट्रोक घेतली तर आधी पंपाची नळी सोडवून बघा ऑइल येतंय का, आणि तोपर्यंत पेट्रोलमध्ये थोडं मिसळून चालवा. धूर नसणं ही लई चांगली बातमी नसते.

गोदाकाठची:
नाशिक. सातपूरला कामाला जायला पल्सर १५० घेतली, एका मामांकडून (खरे मामा नव्हेत, कॉलनीतले). गॅरेजमध्ये मी प्रश्न विचारायचे आणि गॅरेजवाले दादा उत्तर माझ्या भावाला द्यायचे, त्याला तर स्टँड लावता येत नाही. असो. गाडी थंडीत चालू व्हायला त्रास, पिकअप मेलेला, ॲव्हरेज ३५. दोनदा कार्बोरेटर साफ करून पैसे घेतले. शेवटी मीच मॅन्युअल वाचलं तेव्हा कळलं की या इंजिनला दोन प्लग असतात, एका सिलिंडरला दोन! एक सहज दिसतो तो दरवेळी नवीन आणि दुसऱ्या बाजूला जिथे हात नीट जात नाही तो बहुतेक गाडी घेतल्यापासूनचा, टोक पार झिजून गोल झालेलं. दोन्ही बदलले, गाडी पहिल्या सेल्फला चालू. तेव्हापासून जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय बिल देत नाही. दादा आता मलाच उत्तर देतात.

कुडाळचो:
माझी पॅशन दोन पावसाळे एकाच्या पडवीत उभी होती, म्हणून स्वस्तात मिळाली. इंजिन चांगलं होतं पण चालू व्हायची, शंभर मीटर जायची आणि बंद. आमच्या मिस्त्रीने नुसतं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "आधी टाकी खाली कर, मगे इंजिनाक हात लाव." जुनं पेट्रोल वार्निशसारखं झालेलं आणि तळाला गंजाचा चिखल. टाकी काढून आत रॉकेल आणि मूठभर जुने नट टाकून अर्धा तास हलवली, खांदे भरून आले, तीनदा केलं तेव्हा रॉकेल जरा स्वच्छ आलं. पेट्रोल कॉकची जाळी नवीन, कार्बोरेटरचे जेट फुंकून साफ. तरी फायरिंग दबल्यासारखी, तर सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं! आमच्याकडे खारी हवा, चेनला आणि स्पोकना आठवड्याला ऑइलचा हात फिरवावाच लागतो. मी चेन रॉकेलने धुऊन ९० नंबर गियर ऑइल लावतो, रात्री लावून ठेवायचं म्हणजे सकाळी पँटीवर उडत नाही.

फॉर्मभर:
यंत्राचं तुम्ही बघा, मी कागदाचं सांगतो कारण माझं तिथेच अडलं. गाडी नावावर करायचे आरटीओचे अर्ज म्हणजे फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३०, त्यांवर विकणाऱ्याच्या सह्या पैसे द्यायच्या आधी घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटलं एवढं तोंडी चालत नाही, बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागतो. माझ्या गाडीवर आधीच्याचे चार ई-चलान निघाले, सगळे एकाच सिग्नलचे, माणूस शिस्तीचा होता म्हणायचा. इन्शुरन्सही १४ दिवसात आपल्या नावावर करायला टाका. एचएसआरपी (होलोग्रामवाली सरकारी) नंबरप्लेट नसेल तर दुचाकीला जीएसटी धरून ५३१ रुपये आणि अपॉइंटमेंट, ते भावात धरा.

डावाब्रेक:
नागपूर. ८७ ची बुलेट, जुनं कास्ट आयर्न इंजिन, गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. पहिला गियर वर, बाकीचे खाली, म्हणजे सगळंच उलटं. आयुष्यभर उजव्या पायाने ब्रेक मारलेला माणूस मी, सीताबर्डीत समोर रिक्षा थांबली आणि मी पूर्ण ताकदीने गियर दाबला. रिक्षावाल्याने जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. मग पंधरा दिवस रोज पहाटे मोकळ्या रस्त्यावर फक्त ब्रेक मारायची प्रॅक्टिस केली. म्हणून माझं म्हणणं, गाडीबरोबर स्वतःचीही सर्व्हिसिंग करून घ्या. किक मारायची पण पद्धत आहे, डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा खटका) दाबून ॲमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधे आणायचा, मग सोडून एकच पूर्ण किक, नाहीतर ती पोटरी फोडते. पॉइंटची (ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्टची) गॅप नीट केली की निम्मे रोग जातात.

अर्धीकिक:
एक शंका, किलोमीटर खरे आहेत हे कसं ओळखता? माझ्या गाडीचं मीटर २१ हजार दाखवतंय.

लीड्सवरून:
इकडे इंग्लंडमध्ये मी वापरलेली होंडा सीबी ५०० घेतली तेव्हा गाडीचा नंबर टाकून सरकारी साईटवर एमओटीच्या (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) प्रत्येक तपासणीला मीटर किती होतं ते फुकटात बघता आलं, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही. तिकडे भारतात तसं नाही, पण पायाच्या रबराकडे बघायचं. २१ हजारात ब्रेकचं पेडल चकचकीत झिजत नाही.

डावाब्रेक:
स्पीडोमीटरची केबल काढून महिनोन्महिने चालवतात, मीटर जागच्या जागी. टायरवरची तारीख बघ. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी भरपूर असली तरी रबर म्हातारं झालेलं असतं.

अर्धीकिक:
खाली जाऊन टॉर्च लावून बघून आलो. पुढचा ४११९, ठीक आहे. मागचा १२१४, म्हणजे गाडीबरोबर आलेला, बाजूला बारीक भेगा पण आहेत आणि याच टायरवर बायकोला घेऊन घाट उतरलो. पाय ठेवायचं रबर तर अर्धं गुळगुळीत आहे, काकांचे २१ हजार नक्की कितवे ते त्यांनाच माहीत. शनिवारी टायर घालतो, तोपर्यंत पीएमपीची बस.