‘पॉलिटिक’ आणि ‘पोलाइट’ : जुन्या इंग्रजीतील अर्थ व मराठी प्रतिशब्द

अनुवादेच्छू :
आमच्या वाचनमंडळासाठी मी शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ या नाटकातील काही प्रवेशांचा मराठी अनुवाद करीत आहे. पहिल्या अंकात राजा लिअरची मुलगी गॉनेरिल उपरोधाने म्हणते की, बापापाशी शंभर सज्ज शिलेदार राहू देणे मोठे ‘पॉलिटिक’ आणि सुरक्षित आहे. येथे ‘राजकीय’ हा अर्थ बसत नाही. चौथ्या अंकात तर लिअर आंधळ्या झालेल्या ग्लॉस्टर या सरदाराला सांगतो की, तू काचेचे डोळे बसवून घे आणि एखाद्या ‘स्कर्व्ही पॉलिटिशियन’प्रमाणे, जे दिसत नाही तेही दिसत असल्याचा आव आण. हा शब्द त्या काळी शिवीसारखा वापरला जात होता का? शिवाय ‘पोलाइट’ हा शब्दही याच कुळातला आहे काय?

शब्दवेल्हाळ :
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : नाही. ‘पॉलिटिक’ हा शब्द नगरराज्य या अर्थाच्या ग्रीक ‘पोलिस’पासून लॅटिन व फ्रेंच मार्गाने इंग्रजीत आला, तर ‘पोलाइट’चे मूळ घासून गुळगुळीत करणे या अर्थाच्या लॅटिन ‘पोलीरे’ धातूत आहे, म्हणजे आपल्या बुटांचे पॉलिश हे त्याचे सख्खे भावंड. आरंभी वस्तूच ‘पोलाइट’ असत; पुढे भाषा आणि अभिरुची तशी झाली, आणि सौजन्यशील माणूस हा आजचा अर्थ अठराव्या शतकात रुळला.

जाता जाता आणखी एक फसवे जुळे सांगतो. सरकारची ‘पॉलिसी’ नगरराज्याच्या कुळातली आहे. विम्याची ‘पॉलिसी’ मात्र इटालियन ‘पोलित्सा’वरून आली असून तिचे मूळ पुरावा या अर्थाच्या वेगळ्याच ग्रीक शब्दापर्यंत जाते.

जुनी_बखर :
पहिल्या प्रश्नाविषयी. ‘पॉलिटिक’ म्हणजे प्रसंग ओळखून वागणारा, धोरणी. हा अर्थ मुळात स्तुतीचाच होता. पुढे राज्यकारभाराचा निव्वळ वर्णनात्मक अर्थ ‘पॉलिटिकल’ या नव्या विशेषणाने उचलला आणि ‘पॉलिटिक’कडे चातुर्य तेवढे उरले. परंतु कपटी राजनीतीचा गुरू समजल्या जाणाऱ्या मॅकियाव्हेली या इटालियन लेखकाच्या नावाची धास्ती इंग्लंडमध्ये पसरलेल्या त्या काळात या चातुर्याला डावपेचांचा वास येऊ लागला होता. ‘पॉलिटिशियन’ सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत रुळू लागला, तोच पुष्कळदा कपटी माणूस या अर्थाने. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशातही राज्यकलेत निपुण या अर्थापाठोपाठ कावेबाज मनुष्य हा अर्थ नोंदलेला आहे.

कौशल्याच्या शब्दांची अशी घसरण इंग्रजीत वारंवार दिसते. ‘कनिंग’चे मूळ जाणणे या क्रियेत आहे, 1611 च्या राजा जेम्सच्या बायबलमध्ये एसाव हा ‘कनिंग’ शिकारी आहे, म्हणजे तरबेज. ‘क्राफ्टी’ प्राचीन इंग्रजीत बलवान आणि कुशल होता. गंमत ‘श्रूड’ची आहे, कारण तो उलट्या दिशेने चालला : मध्ययुगात दुष्ट, खोडसाळ असणारा हा शब्द पुढे चाणाक्ष या अर्थाने स्तुतीचा झाला. त्यामुळे शेक्सपिअरच्या नाटकात ‘श्रूड’ दिसला की लगेच ‘चाणाक्ष’ लिहू नये.

मोडी_वाचक :
मराठीत याला चपखल जोड आहे. 1774 च्या बारभाईंच्या ‘कारस्थाना’त हा शब्द राजकीय मसलतीचा होता, आज कारस्थान म्हटले की कटच आठवतो. उलट ‘मुत्सद्दी’ हा मूळचा अरबी शब्द कारकून किंवा कामदार या अर्थाचा, तो मराठीत राजकारणधुरंधराच्या पदाला पोहोचला. म्हणून लिअरच्या तोंडी ‘कारस्थानी’ घालावे असे मला वाटते, आणि गॉनेरिलच्या तोंडीही तोच शब्द ठेवला तर दोन्ही प्रवेश जोडले जातील.

जुनी_बखर :
लिअरपुरते मान्य, परंतु गॉनेरिलपुरते अजिबात नाही. तिचा उपरोध स्तुतीच्या शब्दावर उभा आहे. तेथे आधीच निंदा घातली तर टोमणा मरतो. ‘मोठे धोरणाचे आणि निर्धोक काम हो, शंभर शिलेदार त्यांच्यापाशी ठेवणे!’ अशा वळणाचे वाक्य हवे.

अनुवादेच्छू :
सर्वांचे आभार. गॉनेरिलसाठी ‘धोरणाचे’ आणि लिअरसाठी ‘कारस्थानी’ हे स्वीकारतो. ‘स्कर्व्ही’चे मात्र अडले आहे, ‘नीच’ फारच पुस्तकी वाटते.

शब्दवेल्हाळ :
‘स्कर्व्ही’ म्हणजे मुळात अंगावर कोंडा आणि खपल्या धरलेला. ‘खरजुल्या कारस्थान्यासारखा’ असे म्हणून पाहा. वेड्या राजाच्या तोंडी ते शोभेल.