मदत हवी आहे : वजन उतरल्यावर चेहरा ओघळला, सुरकुत्या वाढल्या, जत्रेच्या नाटकापूर्वी काही उपाय आहे का?

शेवंती_डिचोली

नमस्कार. वजन उतरल्यापासून माझा चेहरा पार ओघळला आहे. गाल बसले, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत दोन खोल रेघा पडल्या आणि हनुवटीखालची कातडी सैल होऊन लोंबू लागली. पूर्वी गोल चेहऱ्यामुळे मी वयापेक्षा लहान दिसत असे, आता बाजारात भेटणारी प्रत्येक बाई "आजारी होतीस काय गो?" असे विचारते. गावच्या जत्रेला आमचे मंडळ दरवर्षी नाटक बसवते. यंदा मला नायिकेच्या थोरल्या जावेची भूमिका आहे, पण परवाच्या तालमीत दिग्दर्शकांनी "हवी तर सासूची भूमिका घ्या" असे सुचवले, आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. जत्रा दोन-अडीच महिन्यांवर आली आहे. कातडी घट्ट करणारे मलम, मालिश किंवा यंत्राचा उपचार कोणी स्वतः केला असल्यास त्याचे नाव आणि खर्च लिहावा. वजन पुन्हा वाढवण्याचा सल्ला कृपया देऊ नये, तो घरी फुकट मिळतो.

फोंड्याचा_वाचक

ताई, आपले वय, उतरलेले वजन आणि त्याला लागलेला काळ, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही, त्यामुळे उत्तर देणारे अंधारात तीर मारतील. वजन मुद्दाम उतरवले की आपोआप उतरले, हे तर सर्वांत आधी सांगा. काही न करता वजन घटले असेल तर चेहरा बाजूला ठेवून प्रथम रक्तातील साखर आणि थायरॉईड तपासून घ्यायला हवे. आणखी एक प्रश्न आगाऊ वाटेल, तरी विचारतो : मागच्या दाढा काढलेल्या आहेत का? दाढा गेल्या की तिथले जबड्याचे हाड झिजत जाते, गालाचा आधार सुटतो, आणि मग माणूस दोष मात्र कातडीला देतो.

खोबरेल_हाच_उपाय

एवढ्या चौकशीची गरज नाही. घाण्याचे खोबरेल तेल कोमट करून रात्री निजण्यापूर्वी हनुवटीकडून कानाकडे, खालून वर अशा दिशेने हलक्या हाताने चोळावे. माझ्या आईच्या चेहऱ्यावर सत्तरीतही सुरकुती नव्हती आणि तिने आयुष्यात दुसरे काहीही लावले नाही.

त्वचेचा_अभ्यास

आपल्या आईंचे वजन कधी झपाट्याने उतरले होते का? नसल्यास ते उदाहरण इथे लागू पडत नाही. खोबरेलाने त्वचेतील ओलावा टिकतो, कोरडेपणामुळे दिसणाऱ्या बारीक रेघा मऊ होतात, आणि तेवढ्यापुरते ते चांगलेच आहे. मात्र ताईंची तक्रार वेगळ्या थरातली आहे. गालात, डोळ्यांखाली आणि कानशिलापाशी चरबीच्या लहान लहान गाद्या असतात. वजन उतरताना त्याही आटतात. वरची कातडी वर्षानुवर्षे ताणलेली असते आणि तिला पुन्हा आवळून घेणारे कोलॅजन व इलॅस्टिन वयाबरोबर कमी झालेले असते, त्यामुळे विशीतला माणूस ज्यातून सहज सावरतो त्यातून पन्नाशीतला सावरत नाही. आतली गादी गेल्यावर वरून कोणतेही तेल किंवा मलम लावून गाल वर येणार नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होते, म्हणूनच वय विचारले जात आहे.

शेवंती_डिचोली

मी उपाय विचारला होता, इथे माझीच उलटतपासणी सुरू झाली. असो. वय ५२. वजन ८४ किलो होते, आता ६६ आहे. मुद्दाम उतरवले. रात्रीचे जेवण बंद केले आणि सकाळी चालायला लागले. खालच्या दोन दाढा काढलेल्या आहेत, पण त्यांचा इथे काय संबंध ते मला अजून समजलेले नाही. आता तरी मलमाचे नाव सांगा.

फार्मसीवाली_म्हापसा

मलमाचे नाव इथे विचारून फार्मसीत जाऊन थेट मागू नका, एवढेच कळकळीने सांगते. "चेहरा उजळ आणि घट्ट करते" अशा शिफारशीवर आमच्याकडे मागितली जाणारी कितीतरी मलमे स्टिरॉईडची असतात. ती लावल्यावर सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो आणि पुढे कातडी पातळ पडते, लाल शिरा दिसू लागतात. कातडी आधीच सैल असलेल्या चेहऱ्यावर तर ती नकोतच. सुरकुत्यांवर खरोखर परिणाम करणारे मलम म्हणजे ट्रेटिनॉइन, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचे असते. वाटाण्याएवढे घेऊन रात्री पूर्ण चेहऱ्यावर पसरायचे, पहिले काही आठवडे साल निघते आणि जळजळते, आणि फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. तेव्हा या जत्रेसाठी त्याचा उपयोग नाही, पुढच्या जत्रेसाठी आहे.

काणकोणचा_सायकलस्वार

ताई, चालायला जाता ते किती वाजता आणि चेहऱ्याला काय लावून? आपल्या गोव्यात आठ वाजले की उन्हाचा चटका बसू लागतो. कातडी सैल पडण्यात उन्हाचा वाटा मोठा असतो, कारण सूर्याचे यूव्हीए किरण त्वचेच्या खोल थरापर्यंत पोचून कोलॅजन तोडतात, ढगांतून आणि गाडीच्या काचेतूनही येतात. निदान एसपीएफ ३० चे, पीए (म्हणजे यूव्हीएपासूनचे संरक्षण) समोर तीन-चार अधिक चिन्हे असलेले सनस्क्रीन लावा आणि मानेला विसरू नका. दुसरे म्हणजे रात्रीचे जेवण बंद केल्यावर प्रथिने कुठून मिळतात? दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम हे भारतीय प्रमाण धरले तरी आपल्याला ५५ ग्रॅम लागतात, आणि वजन उतरवत असताना त्याहून जास्तच खावी लागतात, नाही तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. पेजेवर आणि उकड्या तांदळाच्या शितावर ते भागणार नाही. दुपारी बांगडा, सोबत आळसांद्यांची उसळ आणि सकाळी दोन अंडी असा हिशेब बसवा.

खोबरेल_हाच_उपाय

अंडी खाऊन चेहरा घट्ट होतो हे प्रथमच वाचले. तेलाबरोबर चेहऱ्याचे व्यायाम जोडायला मात्र मी विसरलो होतो. गाल फुगवून हवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवणे, "आ-ई-ऊ" असे ताणून उच्चारणे, हे रोज अर्धा तास करावे. नाटकात काम करणाऱ्या व्यक्तीला त्यात जड काहीच नाही.

त्वचेचा_अभ्यास

व्यायामाला मी सरसकट खोटे म्हणणार नाही. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१८ मध्ये ४० ते ६५ वयाच्या स्त्रियांवर २० आठवड्यांचा असा प्रयोग प्रसिद्ध केला आणि त्यात गालांचा भरीवपणा थोडा वाढलेला दिसला. परंतु शेवटपर्यंत टिकलेल्या स्त्रिया फक्त १६ होत्या आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. करून पाहायला हरकत नाही. त्यावर भूमिका सोपवू नये. प्रथिनांबद्दलही तेच : त्यांनी लोंबलेली कातडी वर ओढली जात नाही, पुढची झीज रोखली जाते.

मडगाव_मावशी

वजन उतरले की केसही गळतात, हे कोणीच लिहीत नाही. वजन झपाट्याने उतरले की केसांची मुळे विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी विंचरताना झुबकेच्या झुबके हातात येतात. घाबरू नये. खाणे सुधारले आणि लोह कमी नसले तर काही महिन्यांत ते परत येतात. माझे तसेच झाले होते. केसांना जास्वंदीचे पाणीही लावले, पण त्याने आले की आपोआप आले हे देवाला ठाऊक.

शेवंती_डिचोली

माझे केस गळत नाहीत. चालायला सात वाजता जाते, काही लावत नाही.

फोंड्याचा_वाचक

ताई, अठरा किलो केवळ रात्रीचे जेवण बंद करून आणि चालून उतरले, तेही किती काळात ते आपण अजून सांगितलेले नाही. काही औषध चालू आहे का?

शेवंती_डिचोली

सात-आठ महिन्यांत. मधुमेहासाठी आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचे इंजेक्शन डॉक्टरांनी सुरू केले आहे. साखर आता ताब्यात आहे. पण ते साखरेचे औषध आहे, चेहऱ्याचे नव्हे, म्हणून लिहिले नव्हते.

काणकोणचा_सायकलस्वार

तीच तर गोम आहे! ही इंजेक्शने आल्यापासून जो तो पिचलेल्या गालांचा दिसतो आहे. माझे ऐकाल तर ते बंद करा आणि सायकल घ्या.

फार्मसीवाली_म्हापसा

कृपया असे सल्ले देऊ नका. साखर ताब्यात आलेल्या मधुमेही व्यक्तीला अनोळखी माणसाने औषध बंद करायला सांगणे धोक्याचे आहे. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड ही अशी आठवड्याची इंजेक्शने घेणाऱ्यांचा चेहरा उतरतो तो मुख्यतः वजन भरभर उतरल्यामुळे. उपासाने किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेने तेवढेच वजन तेवढ्याच वेगाने उतरले तरी चेहरा तसाच दिसतो. ताई, ज्यांनी इंजेक्शन दिले त्यांनाच विचारा की वजन आता आहे तिथे ठेवायचे आहे का, आणि त्यासाठी मात्रा तीच ठेवायची की बदलायची. भूक मरते म्हणून जेवणच बंद करणे हे मात्र त्यांना नक्की सांगा. आपण ते सांगितले असेल असे मला वाटत नाही.

पणजी_झगमग

एवढा खल कशाला? माझ्या नणंदेने एका सलोनमध्ये हायफू करून घेतले, एका बैठकीत चेहरा वर. सुई नाही, टाके नाहीत.

त्वचेचा_अभ्यास

आपल्या नणंदेचा चेहरा भरलेला आहे की उतरलेला? प्रश्न महत्त्वाचा आहे. हायफूमध्ये अल्ट्रासाउंडची उष्णता कातडीखाली खोलवर सोडतात आणि परिणाम दोन-तीन महिन्यांत हळूहळू दिसतो, तोही मध्यम. भरलेल्या हनुवटीला ते चालते. पण जिच्या गालात चरबी उरलेलीच नाही तिच्या चेहऱ्यावर ती उष्णता चुकीच्या खोलीवर गेली, तर उरलीसुरली चरबीही आटते आणि गाल आणखी बसतात. यंत्र कोणाच्या हातात आहे यावर सगळे अवलंबून असते, आणि सलोनमध्ये ते कोणाच्या हातात असते हे आपण सर्व जाणतो.

पणजी_झगमग

आपल्याला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. मग उपाय तरी सांगा.

त्वचेचा_अभ्यास

सांगतो. गेलेली उभारी भरून काढणारा उपचार म्हणजे फिलर, कातडीखाली टोचून भरायचे जेल. हायलुरॉनिक ॲसिडचे फिलर साधारण सहा ते अठरा महिने टिकते आणि बिघडल्यास इंजेक्शनने विरघळवता येते, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने तेच घ्यावे. सूज आणि काळेनिळे डाग एक-दोन आठवडे राहू शकतात, तेव्हा जत्रेच्या आदल्या आठवड्यात तो प्रयोग करू नये. क्वचित फिलर रक्तवाहिनीत जाऊन कातडी मरते किंवा दृष्टी जाते. म्हणून ते फक्त त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडूनच घ्यावे. बोटॉक्सने कपाळावरच्या आणि डोळ्यांच्या कडेच्या रेघा तीन-चार महिने सैलावतात, लोंबणाऱ्या कातडीला त्याचा उपयोग नाही. हनुवटीखालची जादा कातडी खरोखर जायची असेल तर शस्त्रक्रियाच लागते, आणि वजन निदान सहा महिने स्थिर राहिल्याशिवाय चांगला सर्जन तिला हात घालत नाही. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) त्वचारोग विभाग आहे. तिथे आधी दाखवा, म्हणजे विकणाऱ्याचे नव्हे तर तपासणाऱ्याचे मत मिळेल.

रंगपटातला_जुना_माणूस

या धाग्यावर सर्वांनी चेहरा दुरुस्त करायचे ठरवले आहे, पण बाईंची अडचण नाटकाची आहे, म्हणून चार शब्द लिहितो. जत्रेच्या मांडवात प्रेक्षक दहा-पंधरा फुटांच्या पलीकडे बसतो, त्याला सुरकुती दिसत नाही, सुरकुतीत साठलेली पावडर दिसते. आपल्याकडचे हौशी रंगभूषाकार पॅनकेकचा जाड थर देऊन वर पावडर थोपटतात; घाम आला की ती रेघांत उतरते आणि पन्नाशीची बाई सत्तरीची दिसते. चेहऱ्याला आधी ओलावा देणारे क्रीम लावून पंधरा मिनिटे मुरू द्या, मग ओल्या स्पंजने पातळ रंग, नाकाजवळच्या रेघांच्या आत अर्धी छटा उजळ रंग बारीक ब्रशने, आणि पावडर फक्त कपाळ, नाक व हनुवटीवर. डोळ्यांखाली पावडर मुळीच नको. समोरून खालच्या बाजूने दिवा असेल तर तो काढायला सांगा, कारण खालून येणारा उजेड सैल हनुवटी दुप्पट करून दाखवतो.

मडगाव_मावशी

आमच्याकडे तर जावेची भूमिका साठीच्या बाईने केली होती आणि टाळ्या तिलाच पडल्या. नाटक कोणते आहे?

शेवंती_डिचोली

नाटकाचे नाव लिहिले तर गावातले मला ओळखतील. साखरेच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि रात्री निदान उसळ तरी खायला लागले आहे. सनस्क्रीन आणले, चेहरा पांढराफटक दिसतो, त्याची सवय करावी लागेल. फिलरचा विचार जत्रेनंतर, गोमेकॉत दाखवून झाल्यावरच करीन. दाढांसाठी दंतवैद्याकडे जायला हवे असे घरच्यांनीही म्हटले, त्यामुळे फोंड्याच्या वाचकांना दोन मते जास्त मिळाली असे समजावे. खालचा दिवा आमच्या मांडवात खरोखरच आहे आणि दिग्दर्शकांच्या मेव्हण्याने दिलेला आहे. आता एवढेच सांगा, रंग मानेलाही लावायचा का? लुगड्याच्या काठाला लागला तर मंडळ भरपाई मागते.

रंगपटातला_जुना_माणूस

लावायचा. चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची दिसली की लोंबलेली कातडी अधिकच उठून दिसते. जबड्याच्या कडेच्या खाली एक छटा गडद घ्या आणि ती मानेवर खाली खाली पातळ करीत न्या, पण गळ्याच्या खळीच्या वर थांबा. लुगडे रंग लावण्याआधी नेसू नका. जुनी चादर अंगाभोवती घेऊन बसा, रंग सुकला की मग नेसा. रंगीत तालमीला हे सगळे एकदा पूर्ण करून तिसऱ्या रांगेतून कोणाला तरी मोबाईलवर फोटो काढायला सांगा, आणि तो फोटो दिग्दर्शकांच्या मेव्हण्यालाही दाखवा.

खोबरेल_हाच_उपाय

रंग काढायला काय वापरणार आहात, हे कोणी विचारले नाही. खोबरेलच लागेल.