उपासनेतून पापांगीकार गाळून वेळ वाचवायचा का?

सदरची_काकू
सलाम. गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये सामुदायिक पापांगीकार, म्हणजे सगळ्यांनी मिळून देवापुढे पापं कबूल करणं, झाला नाही. मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, तीही नाही. वेळ नव्हता म्हणे. पडद्यावर बघून गाणी मात्र पाऊण तास चालली. मला खूप लागलं. पापांगीकारात पाळकसाहेब, डॉक्टर आणि झाडूवाली बाई एकच वाक्य एका आवाजात म्हणतात. आठवडाभरात असं दुसरीकडे कुठे घडतं? याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. कोणी बाळांचा बाप्तिस्मा करणारे, कोणी फक्त प्रौढांचा. तरी प्रभुभोजनाच्या एका मेजाभोवती आले. उपासनेचा क्रम हा असा सगळ्यांचा ठेवा आहे, तो गाण्यांच्या यादीसाठी कापू नका.

गिटारवाला_युवक
काकू, त्या गाण्यांत गिटार माझीच होती. राग मानू नका, पण पुस्तकातलं वाचताना तोंड चालतं आणि मन घरच्या मटणाकडे असतं. माझ्या वयाची पोरं तेव्हा मोबाईल काढतात. गाताना काहींच्या डोळ्यांत पाणी येतं, ते मी समोरून बघतो. ती उपासना नाही का?

निवृत्त_मास्तर
मी कॅथलिक. लहानपणी मिस्सा, म्हणजे आमची प्रभुभोजनाची उपासना, लॅटिनमध्ये असे, फादर वेदीकडे तोंड करून बोलत आणि आई बाकावर जपमाळ ओढत असे. आमच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषेला दार उघडलं, भाविकांनी समजून-उमजून भाग घ्यावा म्हणून. भाऊ, समोरच्या बॅन्डकडे बघत बसलेली मंडळी भाग घेते का, ते तपासा. आमच्याकडे १९६९ मध्ये भारतासाठी बारा मुद्देही मंजूर झाले: जमिनीवर बसणं, हात जोडून नमन, आरती. नूतनीकरण असं मातीतून यावं.

इंदोरा_नागपूर
मास्तर, कोणाच्या मातीतून? आमच्या पणजोबांना देवळाच्या पायरीवर चढू देत नव्हते. तीच आरती, तीच समई वेदीपुढे आणून तिला भारतीय म्हणता, तेव्हा माझ्या आजीला पुन्हा बाहेर उभं केल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा मला गिटार चालेल.

सदरची_काकू
इंदोरावाले भाऊ, तुमचं म्हणणं मला पटतं. पण देशी म्हणजे गाभाराच असं नाही. कवी ना. वा. टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने बायबलातला नवा करार दिला. १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ख्रिस्त गायला तो अभंगात, म्हणजे पायी चालणाऱ्यांच्या चालीत. ते अभंग टाळ घेऊन म्हणा ना! पोरांनाही ठेका मिळेल.

इंदोरा_नागपूर
अभंग चालतील. चोखोबाही अभंगच गायचे आणि तेही देवळाबाहेरच राहिले, एवढं लक्षात ठेवून गाऊ.

गिटारवाला_युवक
टाळ शिकतो. पण पापांगीकार परत आणायचा तर तो धडाधडा वाचू नका. आधी शांतता द्या, म्हणजे आपण काय केलं ते आठवेल तरी.

सदरची_काकू
दोन मिनिटं. कीबोर्डही बंद.

गिटारवाला_युवक
कीबोर्ड बंद ठेवू. पडदा मात्र राहील, माझ्या आजीला पुस्तकातली अक्षरं दिसत नाहीत.