मदत हवी आहे: डोक्यावर ठिपका नव्हता तरी कोंबडे कसे निघाले?

डिचोलीकरीण:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे परसात थोड्या कोंबड्या आहेत, धंदा वगैरे नाही, घरापुरती अंडी आणि उरली तर शेजारी. दोन वर्षांपूर्वी राखाडीवर पांढरे पट्टे असलेल्या चार प्लायमाऊथ रॉक आणल्या आणि कोंबडा होता लाल ऱ्होड आयलंड रेड. तेव्हा एका काकांनी सांगितलं की यांची पिल्लं काळी निघतील, ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका तो कोंबडा आणि जी नुसती काळी ती तलंग. मला वाटलं आमच्या आजीसारखंच हे पण, टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी. पण गेल्या वर्षी चौदाच्या चौदा पिल्लं बरोबर निघाली!

मग काय, यंदा मी शहाणपणा केला आणि शेजारच्या वयनीला सहा "गॅरंटीड" तलंगा दिल्या, एकाच्याही डोक्यावर ठिपका नव्हता, एकेक उचलून बघितलं होतं. आता अडीच महिन्यांची झालीत आणि त्यातल्या तिघांना लालभडक तुरे आलेत, एक तर पहाटे आरवायचा प्रयत्न करतो, आवाज फुटक्या बासरीसारखा. वयनी बोलत काही नाही पण गेटवर भेटली की हसते. माझं काय चुकलं?

माडाखाली:
ताई, कोंबडा तोच लाल आहे का अजून?

डिचोलीकरीण:
नाही हो, त्याला मे महिन्याच्या सुरुवातीला मुंगसाने नेला. आता गेल्या वर्षीचाच एक पट्टेवाला ठेवलाय, घरचाच.

माडाखाली:
आणि उबवलेली अंडी कुणाची होती?

डिचोलीकरीण:
काळ्या तलंगांची, त्याच गेल्या वर्षीच्या. जुनी पट्टेवाली खुडूक झाली म्हणून तिच्याखाली ठेवली.

माडाखाली:
मग इथेच घोळ झाला. बघा, नर की मादी हे ठरवणारी गुणसूत्रं असतात, आपल्या माणसांत बाईचे दोन एक्स आणि पुरुषाचा एक्स-वाय, कोंबड्यांत बरोबर उलटं, कोंबड्याचे दोन झेड आणि कोंबडीचा एक झेड, एक डब्ल्यू. पट्ट्यांचं जीन झेडवर असतं. कोंबडीकडे झेड एकच आणि तो ती फक्त मुलग्याला देते, मुलीला तिच्याकडून मिळतो डब्ल्यू, मुलीचा झेड येतो बापाकडून. म्हणजे लाल बाप आणि पट्टेवाली आई असली की आईचे पट्टे सगळ्या मुलग्यांना जातात आणि मुली बापासारख्या बिनपट्ट्याच्या. पिल्लू असताना तेच पट्टे डोक्यावरचा ठिपका म्हणून दिसतात. म्हणून गेल्या वर्षी चौदाला चौदा.

आता यंदाचा बाप म्हणजे त्या जोडीचा मुलगा, त्याच्याकडे पट्ट्याचा एक झेड आणि साधा एक. आया काळ्या, त्यांच्याकडे पट्टा नाहीच. तेव्हा निम्म्या मुलग्यांना ठिपका, निम्म्यांना नाही, मुलींचंही तसंच, म्हणजे ठिपक्यावरून काहीच कळत नाही. सहात तीन कोंबडे निघाले म्हणजे अगदी हिशोबाने निघाले म्हणायचं. ही युक्ती एकाच पिढीपुरती असते. आणि कोंबडा पट्टेवाला, कोंबड्या लाल अशी उलटी जोडी लावली तरी चालत नाही, सगळीच पिल्लं ठिपक्याची निघतात.

आई-बापाची जीन मांडून पिल्लं कशी निघतील ते बघायला शाळेत पनेट स्क्वेअरची चौकट काढायचो ना, ती ज्याच्या नावाची त्या शास्त्रज्ञ पनेटनेच पहिल्या महायुद्धात इंग्लंडात सुचवलं होतं की असे रंग बघून नर आधीच वेगळे करा, दाणा वाचेल.

अंडाकरी:
मस्त माहिती. पण लाल कोंबडा नाही मिळाला तर गिरीराज किंवा वनराज चालेल का? आमच्याकडे गावठी पण आहे.

माडाखाली:
गिरीराज, वनराज दोन्ही मुळात संकर, त्यांच्यात काय काय दडलंय ते वरून कळत नाही, मी तरी नाही लावणार. लेगहॉर्न किंवा कुठलाही पांढरा तर नकोच, पांढरा रंग बाकीचे रंग झाकून टाकतो. गावठी चालेल, अंगावर पट्टे आणि पांढरं नसलं तर, कारण पट्टेवालीचा काळा रंग पिल्लात जोर धरतो आणि काळ्यावर ठिपका उठून दिसतो. गावठी-गावठी जोडीत पिल्लाच्या पाठीवरच तपकिरी पट्टे असतात, त्यात तो ठिपका शोधायला गेलात तर डोळे जातील.

सत्तरीवाला:
पिल्लाचं बूड दाबून नर-मादी सांगणारे असतात, पण ते सरावाचं काम, घरी करू नका, पिल्लू मरतं. दीड-दोन महिने थांबायचं, तुरा लाल झाला की कळतंच.

डिचोलीकरीण:
खूप आभार, आता डोक्यात प्रकाश पडला. जुन्या पट्टेवाल्या दोन उरल्यात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखादा चांगला लाल मिळाला तर घेऊन येते आणि घरच्या पट्टेवाल्याला वेगळं खुराडं. लगेच अंडी धरू का उबवायला?

माडाखाली:
नको, आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीत दोन-तीन आठवडे टिकतं. महिनाभर अंडी खा, मग ठेवा. आणि वयनीला बदल्यात तीन तलंगा द्या, पण तुरे बघून.

डिचोलीकरीण:
देते, पण ती म्हणते कोंबडे परत नकोत, गणपती झाल्यावर शागोती करूया. श्रावण आहे म्हणून सध्या तिघेही मजेत आहेत.