हुतात्मा, रक्तसाक्षी की शहीद? बाईसाठी कोणता शब्द?

ओलीमाती:
दोन वर्षांपासून एक कादंबरी लिहितेय. इ.स. २०३, उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज. पर्पेतुआ ही बाविशीतली, चांगल्या घरातली, शिकलेली बाई. अंगावर पिणारं बाळ. ख्रिस्ती व्हायचं ठरवलं म्हणून तुरुंगात पडली आणि तिथे तिने आपली हकीकत लिहून ठेवली. ती लॅटिनमध्ये आजही वाचता येते. सोबत फेलिसितास, आठ महिन्यांची गरोदर गुलाम. ७ मार्चला दोघींना रिंगणात माजलेल्या गायीपुढे सोडलं, मग तलवारीने मारलं.
मी लिहिलं, 'दोघी हुतात्मा झाल्या.' कच्चा खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने त्यावर लाल गोल केला. म्हणे हुतात्मा पुल्लिंगी आहे, आणि ऐकलं की डोळ्यांपुढे फ्लोरा फाउंटन येतं. 'हुतात्मी' करून पाहिलं, कानाला टोचतं. काय करू?

गुरुजी६२:
व्याकरणापुरतं निश्चिंत राहा. हुत आहे आत्मा जिचा ती हुतात्मा. हा बहुव्रीही आहे, आणि 'अनो बहुव्रीहेः' या सूत्राप्रमाणे अशा शब्दाला स्त्रीलिंगाचा ई लागत नाही. तेव्हा 'हुतात्मी' चूक, 'ती हुतात्मा' बरोबर. शब्द सावरकरांनी घडवला, 'शहीद'ला पर्याय म्हणून. घडीव आहे आणि मराठीत मुरला आहे. बदलू नका.

वसईचा वारा:
आमच्याकडे हा प्रश्नच पडत नाही. वसईत आम्ही कॅथलिक 'रक्तसाक्षी' म्हणतो, बाई असो की पुरुष. या दोघींची नावं मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या आमच्या उपासनेच्या, जुन्या प्रार्थनेत येतात, आणि ७ मार्च हा त्यांचाच सण. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण रक्तसाक्षी म्हणजे काय हे तिला नीट कळत होतं: तोंडाने दिलेली साक्ष रक्ताने पुरी करणारी. मूळ ग्रीक शब्द 'मार्तुस', म्हणजे साक्षीदार, अगदी कोर्टातला.
आणि गुरुजी, 'हुत' म्हणजे अग्नीत टाकलेलं ना? मग तोच शब्द इथे उलटा पडतो. हिलारियानुस या अधिकाऱ्याने पर्पेतुआला सांगितलं होतं, सम्राटांच्या कल्याणासाठी बळी अर्पण कर. ती म्हणाली, करणार नाही. आहुती नाकारली म्हणून जी मेली, तिलाच आपण आहुती म्हणायचं?

ओलीमाती:
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो प्रसंग मी दहा वेळा लिहिलाय.

गुरुजी६२:
मुद्दा गंभीर आहे, मान्य. पण शब्द व्युत्पत्तीवर जगत नाहीत. हुतात्मा म्हणताना कोणाला होमकुंड आठवतं? उलट 'रक्तसाक्षी' बाहेरच्या वाचकाला खून पाहणारा माणूस वाटेल.

पानसुपारी:
मग शहीद का नको? अरबीत त्याचाही मूळ अर्थ साक्ष देणारा. शाहिद, शहादत, सगळे एकाच घरातले. म्हणजे 'मार्तुस'ला सगळ्यात जवळचा शब्द आपल्याकडे शेकडो वर्षं होता आणि आपण तो परका म्हणून बाहेर ठेवला. गावात आजही 'पोरगा शहीद झाला' असंच म्हणतात.

गुरुजी६२:
परका म्हणून नाही. आपला घडवता येतो म्हणून आपला घडवला. भाषेला तेवढा अभिमान हवा.

नगरकर:
मी प्रोटेस्टंट. आमच्या मंडळीत 'रक्तसाक्षी' फारसं कानावर पडत नाही. 'साक्ष देणे' मात्र रोजचं. एखादी बाई उभी राहून आजारातून कशी उठली ते सांगते, तीही साक्षच. माझं मत: नामच काढून टाका. 'दोघींनी जीव देऊन साक्ष दिली.' पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं, ते खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. तिला कळेल असंच लिहावं.
पण फेलिसितासला काय म्हणता? 'दासी' लिहू नका हं. दासी म्हटलं की राजवाड्यातली, चवरी ढाळणारी दिसते.

ओलीमाती:
'बटीक' लिहिलंय. पेशवाईच्या कागदांत बटीक, कुणबीण हेच शब्द आहेत, आणि ती विकतची माणसं होती. फेलिसितासला तुरुंगात मुलगी झाली, ती एका ख्रिस्ती बाईने आपली म्हणून वाढवली. 'दासी'त ती विक्री दिसत नाही.

वसईचा वारा:
बटीक नको, ताई. आमच्या भागात ती शिवी आहे. संत बाईला शिवी?

नगरकर:
तिच्या मालकांनी तिला शिवीसारखंच वागवलं असेल ना? निवेदनात नको वाटलं तर पहारेकऱ्याच्या तोंडी द्या. बाळंतवेणांत विव्हळताना तो तिला टोचून बोलतो, तिथे बसेल.

ओलीमाती:
हे बसेल. आता दुसरी अडचण. पर्पेतुआचा बाप तिला समजवायला येतो तेव्हा ती तिथलं एक भांडं दाखवून विचारते, याला याच्या नावाशिवाय दुसरं काही म्हणता येईल का? तो म्हणतो, नाही. ती म्हणते, तशीच मीही जी आहे, ख्रिस्ती, त्याहून दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही. लॅटिनमध्ये 'उर्केओलुस' आहे, लहानसं पाण्याचं भांडं. मी 'सुरई' लिहिलंय, पण फार नाजूक, शायरीतलं वाटतं.

खानदेशी:
खुजा लिहा! आमच्या घरी मातीचा खुजा होता, पाणी गार राहायचं.

पानसुपारी:
खुजा म्हणजे फारसी 'कूज़ा'. गुरुजींना चालेल का?

गुरुजी६२:
खुजा चालेल. तो घरात वाढला आहे.

पानसुपारी:
शहीदही घरातच वाढला, गुरुजी.

कोकणी माणूस:
आमच्याकडे गिंडी, पण तिला तोटी असते. तांब्या का नको?

वसईचा वारा:
तांब्या इथे चालणारच नाही. स्टीलच्या भांड्यालाही आपण तांब्या म्हणतो. म्हणजे नाव एक, वस्तू दुसरी. पर्पेतुआ तर नेमकं याच्या उलट सांगतेय.

ओलीमाती:
खरंय. खुजावर आलेय मी. त्याला मूठ असते का? तिच्या बापाने तो उचलून पाहावा असं मनात आहे.

खानदेशी:
आमच्या खुजाला नव्हती. मान लांब आणि अरुंद, मानेला धरूनच उचलायचा. भरलेला असला की दोन्ही हात लागायचे.